कायदा कोठला लावावयाचा?

"देश तसा वेष" ही म्हण मराठी घरांत लहान मुलालाहि ठाऊक असते. ज्या देशीं जावें तेथील रीत पाळावी, हा तिचा अर्थ. आणि रस्त्यानें चालणें, कर भरणें, तेथील पोलिसांचा हुकूम मानणें एवढ्यापुरती ती पुरेशीहि आहे. परंतु माणूस परदेशीं जातो तो केवळ वेष बदलण्यासाठीं नव्हे. तो तेथें लग्न करतो, घर घेतो, करारमदार करतो, आणि एखादे वेळीं तेथेंच देह ठेवतो. जमीन एका देशांत, ठेव दुसऱ्या देशांत आणि वारस तिसऱ्या देशांत अशी स्थिति झाली म्हणजे ती म्हण अपुरी पडते. मग न्यायाधीशापुढें पहिला प्रश्न येतो तो खरें कोण आणि खोटें कोण हा नव्हे. कायदा कोठला लावावयाचा, हा.

एक कल्पित उदाहरण घेऊं. शिरूर तालुक्यांत पाबळ म्हणून गांव आहे. मस्तानीच्या कबरीमुळें इतिहासांत त्याचें नांव राहिलें आहे. समजा, या गांवच्या एका हिंदु शेतकरी कुटुंबांतील मुलगा शिकून इंग्लंडांत नोकरीस गेला, वीस वर्षें तेथें राहिला, आणि अकस्मात् वारला. मृत्युपत्र केलेलें नाहीं. मूलबाळ नाहीं. मागें पत्नी आहे ती लंडनांत, आणि वृद्ध आई आहे ती पाबळास. मुलानें स्वतःच्या कमाईनें पाबळास थोडी जमीन घेतली होती, आणि लंडनच्या बँकेंत त्याची मोठी ठेव आहे. आतां भारताच्या १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें आई आणि पत्नी या दोघी पहिल्या वर्गाच्या वारस. म्हणजे निम्में निम्में. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणें मूल नसलेल्या नवऱ्याची सर्व मालमत्ता पत्नीची. आईला कांहींहि नाहीं. एकच माणूस, एकच मृत्यु. पण एका कायद्यानें आईच्या पदरांत अर्धा वांटा पडतो, आणि दुसऱ्यानें तिचे हात रिकामे राहतात.

अशा प्रकरणांत तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात, आणि ते प्रथम निराळे करून घेतले पाहिजेत. दावा ऐकण्याचा अधिकार कोणत्या न्यायालयाला, हा पहिला. त्या न्यायालयानें कोणत्या देशाच्या कायद्यानें निर्णय द्यावयाचा, हा दुसरा. एका देशांतील निकाल दुसऱ्या देशानें मानावयाचा कीं नाहीं, हा तिसरा. या तिन्ही प्रश्नांच्या शास्त्राला खाजगी आंतरराष्ट्रीय कायदा असें नांव आहे. नांवावरून असा समज होतो कीं, सर्व राष्ट्रांनीं एकत्र बसून हा कायदा केला असावा. तसें नाहीं. प्रत्येक देशाचें याविषयींचें शास्त्र त्याचें स्वतःचें असतें. भारतांत तर या विषयाचा एकच एक ग्रंथित कायदा नाहीं. कांहीं नियम निरनिराळ्या अधिनियमांच्या कलमांत आहेत, आणि बाकीचे न्यायालयांच्या निकालांतून घडत आले आहेत.

येथें कोणी विचारील कीं, पुण्याच्या न्यायाधीशानें परक्या देशाचा कायदा लावावाच कशाला? आपलें न्यायालय, आपला कायदा, हें सरळ नव्हे काय? परंतु तसें केल्यास मोठा अनर्थ ओढवेल. पुण्यास विधिपूर्वक लागलेलें लग्न बोट किंवा विमान बदलतांच अशास्त्र ठरेल. एका देशांतील औरस मूल दुसऱ्या देशांत अनौरस होईल. शिवाय ज्याला जो कायदा सोयीचा, त्या देशाच्या न्यायालयाकडे तो धांव घेईल, आणि घरीं राहिलेल्या दुबळ्या पक्षाला ती धांव झेपणार नाहीं. म्हणून प्रत्येक सुधारलेल्या राष्ट्रानें असें ठरविलें आहे कीं, वादाचा ज्या देशाशीं खरा संबंध असेल त्या देशाचा कायदा, तो परका असला तरी, लावावा.

ही दृष्टि आपल्याकडे अगदीं नवी नाहीं. पेशवाईचा शेवट १८१८ सालीं झाला, आणि पुढें मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टन साहेबाच्या कारकीर्दींत १८२७ चे रेग्युलेशन निघाले. त्यांतील चौथ्या रेग्युलेशनाच्या सव्विसाव्या कलमांत दिवाणी न्यायाधीशाला कायदा शोधण्याची एक पायरीपायरीची वाटच आंखून दिली होती. प्रथम पार्लमेंटचे कायदे आणि सरकारचीं रेग्युलेशनें पाहावीं. तीं नसतील तर ज्या मुलखांत दावा उत्पन्न झाला तेथील वहिवाट पाहावी. तीहि न सांपडल्यास प्रतिवादीचा कायदा लावावा. आणि कांहींच हातीं न लागल्यास न्याय, नीति व सद्सद्विवेकबुद्धि यांना स्मरून निर्णय द्यावा. यांतील प्रतिवादीच्या कायद्याची पायरी विचार करण्याजोगी आहे. ज्याला दुसऱ्यानें कोर्टांत ओढून आणलें, त्याच्यावर निदान परक्याचा कायदा तरी लादूं नये, असा तीत न्याय आहे. अनेक धर्म आणि अनेक वहिवाटी एका पेठेंत नांदत असलेल्या देशांत कायद्यांतून कायदा निवडण्याची संवय न्यायाधीशांना अशी फार पूर्वींपासून लागली.

आजची पद्धतिहि पायरीपायरीचीच आहे. न्यायाधीश प्रथम वादाची जात ठरवितो: हा वारशाचा वाद आहे, लग्नाचा आहे, कीं कराराचा? जात ठरली म्हणजे तो त्या जातीचा दुवा शोधतो. दुवा म्हणजे वादाला एखाद्या देशाशीं बांधणारी गांठ. जमिनीच्या वादांत ती जमीन कोठें आहे, ही गांठ. लग्नाचा विधि योग्य झाला कीं नाहीं या प्रश्नांत तो कोठें झाला, ही गांठ. करारांत पक्षकारांनीं स्वतः निवडलेला कायदा, ही गांठ. कोर्टाचें कामकाज कसें चालवावें, मुदत कशी मोजावी, या बाबतींत मात्र न्यायालय आपलाच कायदा पाळतें.

परका कायदा न्यायाधीशाला पाठ असावा अशी कोणाची अपेक्षा नसते. तो वस्तुस्थितीप्रमाणें पुराव्यानें सिद्ध करावा लागतो. त्यासाठीं त्या कायद्याच्या जाणकाराची साक्ष घेतां येते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत ही सोय होती, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि ती आहे. जो पक्षकार परक्या कायद्याचा आधार घेतो पण तो सिद्ध करीत नाहीं, त्याच्या बाबतींत सामान्यतः तो कायदा आपल्यासारखाच आहे असें धरून न्यायालय पुढें जातें.

आतां पाबळच्या घराकडे वळूं. जमिनीचा निर्णय सोपा आहे. स्थावराला तें जेथें असेल तेथचा कायदा, हें तत्त्व जवळजवळ सर्व जगांत मान्य आहे. कारण जमीन उचलून नेतां येत नाहीं, आणि तिच्यावर ताबा देण्याची शक्ति त्याच देशाच्या सरकारांत असते. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या पांचव्या कलमांत हें स्पष्ट लिहिलें आहे: मृताचा अधिवास कोठेंहि असो, भारतांतील स्थावराचा वारसा भारताच्या कायद्यानें, आणि जंगमाचा वारसा मृत्युसमयीं त्याचा अधिवास जेथें असेल तेथील कायद्यानें. हिंदु, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन यांच्या वारशाला हें कलम थेट लागू नाहीं. तरी पाबळच्या जमिनीला भारताचाच कायदा लागणार, याविषयीं शंका नाहीं. जमिनींत आईचा अर्धा वांटा आहे.

बँकेंतील ठेव मात्र जंगम. तेथें सर्व कांहीं अधिवास या एका शब्दावर येऊन ठेपतें. राहणें निराळें आणि अधिवास निराळा. अधिवासाला दोन गोष्टी लागतात: प्रत्यक्ष वस्ती, आणि तेथेंच कायम राहण्याचा मनोनिश्चय. जन्माबरोबर मिळालेला अधिवास, नवा मिळविल्याचें सिद्ध होईपर्यंत, माणसाला चिकटून राहतो. वर्षांची नुसती संख्या पुरेशी होत नाहीं. इंग्लंडांतच असा एक प्रसिद्ध खटला झाला. एक अमेरिकन धनिक प्रकृतीच्या कारणानें इंग्लंडांत येऊन राहिला आणि जवळजवळ सदतीस वर्षें तेथें काढून १८९७ सालीं वारला. चिरुटाच्या आकाराचीं जहाजें बांधावीं आणि स्वदेशीं बाल्टिमोरास त्यांची गोदी उभारावी, हा ध्यास त्यानें शेवटपर्यंत सोडला नव्हता. १९०४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सनें ठरविलें कीं, इंग्लंडांत कायम राहण्याचा त्याचा निश्चय सिद्ध झालेला नाहीं; त्याचा मूळचा अधिवास सुटला नाहीं. आपल्या १९२५ च्या कायद्यांतहि असें स्पष्टीकरण आहे कीं, केवळ नोकरी किंवा धंद्यासाठीं राहिल्यानें कोणी तेथें कायमचें बिऱ्हाड केलें असें होत नाहीं.

शेजारच्या गोमंतकानें याच विषयांतील एक निराळें कोडें पुढें आणलें. पोर्तुगीज सत्ता १९६१ च्या डिसेंबरांत संपली. परंतु १९६२ च्या अधिनियमानें तेथील जुने कायदे, बदल होईपर्यंत, चालू ठेवण्यांत आले. त्यांत १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता होती. त्या संहितेप्रमाणें माणसाला सर्व मालमत्ता मृत्युपत्रानें वाटेल त्यास देतां येत नाहीं. अर्धा भाग मुलेंबाळें वगैरे हक्काच्या वारसांसाठीं राखावाच लागतो. एका गोमंतकीय गृहस्थाचें मुंबईस घर होतें, आणि तें त्यानें मृत्युपत्रानें आपल्या एका मुलीस दिलें होतें. घर मुंबईंत म्हणून भारतीय वारसा कायदा लावावा, कीं माणूस गोव्याचा म्हणून संहिता लावावी? १३ सप्टेंबर २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला तो असा: भारताच्या संसदेनें चालू ठेवल्यामुळें ही संहिता आतां परकी राहिलेली नाहीं, ती भारताचाच कायदा झाली आहे, म्हणून येथें दोन देशांच्या कायद्यांचा झगडाच नाहीं, आणि गोव्याचा अधिवास असलेल्या माणसाच्या भारतांतील सर्व मालमत्तेला, ती गोव्यांत असो वा बाहेर, तीच लागू होईल. गोव्यांत वारशासाठीं पुढें स्वतंत्र अधिनियम झाला असून तो २०१६ च्या डिसेंबरापासून अंमलांत आहे. जमिनीचा नियम दिसतो तितका सरळ नसतो, हें यावरून ध्यानांत येईल.

परंतु मराठी घरांना या शास्त्राचा चटका बसतो तो बहुधा लग्नाच्या बाबतींत. या विषयावरील पायाभूत निकाल ज्या न्यायमूर्तींनीं लिहिला त्यांच्या घराण्याचें मूळ गांव पाबळच्या शेजारच्या खेड तालुक्यांतील कन्हेरसर. ते न्यायमूर्ति म्हणजे यशवंत विष्णु चंद्रचूड, जे पुढें १९७८ ते १९८५ पर्यंत भारताचे सरन्यायाधीश होते.

खटला पंजाबांतील होता. जालंदर येथें १९५५ सालीं हिंदु पद्धतीनें लग्न झालें. दोन मुलें झालीं. आणि १९५९ सालीं पति शिक्षणासाठीं अमेरिकेस गेला तो परत आला नाहीं. पुढें पत्नीनें मॅजिस्ट्रेटाकडे पोटगीचा अर्ज केला, तेव्हां पतीनें उत्तर दिलें कीं, नेवाडा संस्थानच्या न्यायालयानें ३० डिसेंबर १९६४ रोजींच आपला काडीमोड मंजूर केला आहे. ही आतां आपली पत्नीच नाहीं. नेवाडांत त्या काळीं सहा आठवडे वस्ती दाखविली कीं घटस्फोटाचा दावा लावतां येत असे. पति राहत होता यूटा संस्थानांत; नेवाडांत तो हुकूमनाम्यापुरताच गेला होता. उच्च न्यायालयानें पतीच्या बाजूनें निकाल दिला. पत्नीचा अधिवास पतीच्या अधिवासामागें जातो, हा जुना इंग्रजी नियम त्याच्या मुळाशीं होता.

१ ऑक्टोबर १९७४ च्या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें तें मत फिरविलें. नेवाडाचा अधिवास हा केवळ देखावा होता. त्या देखाव्यानें परदेशी न्यायालयाची फसवणूक झाली. आणि कपटानें मिळविलेला हुकूमनामा भारतांत मानतां येत नाहीं, असें न्यायमूर्तींनीं ठरविलें. दिवाणी व्यवहार संहितेच्या तेराव्या कलमाचा त्यांनीं आधार घेतला, आणि अशा घटस्फोटांच्या मान्यतेसाठीं संसदेनें कायदा करावा अशी सूचनाहि केली. सात समुद्रांपलीकडील शिक्क्याचा कागद पाहून डोळे मिटून मान डोलावणें हें न्यायालयाचें काम नव्हे, हा त्या निकालाचा धडा.

कायदा झाला नाहीं. मात्र १९९१ सालीं न्यायमूर्ति पी. बी. सावंत यांनीं त्याच वाटेवर पुढचें पाऊल टाकलें. तिरुपतीस १९७५ सालीं झालेलें लग्न पतीनें अमेरिकेंतील मिसूरी संस्थानांत नव्वद दिवसांच्या वस्तीवर मोडून घेतलें होतें. निकालांत असा नियम घालून देण्यांत आला कीं, ज्या कायद्याखालीं लग्न झालें त्या कायद्याला मान्य असलेलें न्यायालय आणि त्याच कायद्यांतील कारण, या दोन्ही गोष्टी असतील तरच परदेशी घटस्फोट येथें मानावा. याला अपवाद तीन. पत्नीचा अधिवास किंवा कायम वस्ती त्या परदेशांत असून तिच्या विवाह-कायद्यांतील कारणावर निकाल झाला असेल. किंवा ती स्वखुषीनें व खऱ्या अर्थानें त्या न्यायालयापुढें उभी राहून तशाच कारणावर दावा लढली असेल. किंवा तिनें संमति दिली असेल. तर तो निकाल मान्य होईल. स्वखुषीनें या शब्दांत सर्व मर्म आहे. ज्या मुलीपाशीं विमानाचें भाडें नाहीं आणि परदेशी वकिलाची फी नाहीं, तिची गैरहजेरी म्हणजे तिची कबुली नव्हे.

व्यापाराच्या करारांत न्यायालयाचा हात सैल असतो. दोन शहाण्या पक्षांनीं करारांत अमुक देशाचा कायदा लागेल असें लिहून ठेवलें असेल तर न्यायालय तें मानतें. १९९२ सालीं राष्ट्रीय औष्णिक वीज निगमाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व सांगितलें. लिहिलें नसेल तर कराराचा सर्वांत निकटचा आणि खरा संबंध कोणत्या देशाशीं आहे तें शोधावें लागतें. हा शोध कधीं कधीं कठोर होतो. फाळणीपूर्वीं लायलपूरच्या एका कापूस-व्यापाऱ्याची रक्कम दिल्लीच्या एका गिरणीकडे, तिच्या लायलपूर शाखेंत, ठेव म्हणून होती. १९४७ सालीं तो नेसत्या वस्त्रानिशीं भारतांत आला आणि त्यानें गिरणीकडे पैसे मागितले. दरम्यान पाकिस्तानच्या कायद्याप्रमाणें गिरणीला ती रक्कम तेथील निर्वासितांच्या मालमत्तेच्या अधिकाऱ्याकडे भरावी लागली होती. १९५५ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति विव्हियन बोस यांनीं ठरविलें कीं, कराराचा निकट संबंध लायलपूरशीं होता, ऋणाचें ठिकाणहि तेंच, म्हणून तेथील कायद्याप्रमाणें केलेला भरणा हीच फेड. व्यापाऱ्याचा दावा बुडाला. नियम सर्वांना सारखा लावावयाचा तर तो कधीं कधीं आपल्याच माणसाला बोंचतो. पण उद्यां त्याच नियमाचा आधार दुसऱ्या कोणाला घ्यावयाचा असतो.

परदेशी निकालांविषयीं दोन शब्द सांगावयास हवेत. तेरावें कलम परदेशी निकाल सहा कारणांनीं नाकारतें: न्यायालयाला अधिकार नसणें; निकाल वादाच्या गुणदोषांवर नसणें; आंतरराष्ट्रीय कायद्याची चूक, किंवा लागू असतां भारताच्या कायद्याची उपेक्षा; नैसर्गिक न्यायाचा भंग; कपट; आणि भारताचा कायदा मोडून केलेल्या मागणीवर निकाल आधारलेला असणें. या सहांतून पार पडलेला निकाल बंधनकारक असतो. इंग्लंड, सिंगापूर यांसारख्या परस्पर-मान्यतेच्या देशांतील वरिष्ठ न्यायालयांचे पैशांचे हुकूमनामे येथें सरळ बजावतां येतात. २०२० च्या जानेवारींत संयुक्त अरब अमीरातींचा त्यांत समावेश झाला. अमेरिका त्या यादींत नाहीं. तेथील निकालाच्या आधारें येथें नव्यानें दावा करावा लागतो.

यावरून घरच्या कर्त्या माणसांना कांहीं गोष्टी उमजून घेतां येतील. परदेशी न्यायालयाचें समन्स आलें तर तें केराच्या टोपलींत टाकूं नये, आणि घाबरून त्यावर वाटेल तें लिहूनहि पाठवूं नये. कारण स्वखुषीनें हजर होण्याचे परिणाम असतात. जाणत्या वकिलाचा सल्ला आधीं घ्यावा. करारांत कायदा कोठला आणि न्यायालय कोठलें, या दोन्ही गोष्टी निरनिराळ्या लिहाव्या. लग्नाची नोंद करून दाखला जपून ठेवावा. आणि दोन देशांत मालमत्ता असेल तर मृत्युपत्र करण्याची चालढकल करूं नये.

पाबळच्या त्या मुलानें चालढकल केली होती, असें आपण धरलें आहे. म्हणून आतां त्याच्या मनांत काय होतें तें इतरांना शोधावें लागेल. लंडनांत त्यानें घर विकत घेतलें होतें कीं भाड्यानें राहत होता? पासपोर्ट कोणता होता? गांवच्या जमिनींत विहीर खणावयास त्यानें पैसे धाडले होते काय? "नोकरी संपली कीं परत येतों" असें त्यानें आईला कधीं लिहिलें होतें काय? लंडनच्या ठेवीचा प्रश्न बहुधा तेथील न्यायालयापुढेंच जाईल. पण जंगमाला अधिवासाचा कायदा हा नियम तेंहि न्यायालय मानतें, आणि मुलाचा अधिवास भारतांतच राहिला असें सिद्ध झाल्यास तेथील न्यायाधीशहि भारताचा वारसा कायदा लावून आईचा अर्धा वांटा तिला देईल. म्हातारीनें पेटींत जपून ठेवलेलीं मुलाचीं पत्रें तिला आजवर केवळ आठवण म्हणून हवीं होतीं. तीं तिनें कोणाला टाकूं देऊं नयेत. तिच्या हिश्श्याचा सर्वांत बळकट पुरावा तींच ठरण्याचा संभव आहे.